‘टु विट’मधला विट कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९३०च्या आसपासचं एक इंग्रजी विश्वस्तपत्र मराठीत आणायचं काम एका भाषांतरकार बाईंकडे आलं. मिळकतींची यादी सुरू होण्याआधी त्यात ‘टु विट’ असे दोन शब्द आहेत. शब्दकोशात ‘विट’ म्हणजे चातुर्य, हजरजबाबीपणा, विनोदबुद्धी. मग जमिनीच्या तीन तुकड्यांपुढे विनोद कुठून आला? दुसरा प्रश्न त्यांनी जरा संकोचून विचारला आहे. ‘विट’ हा शब्द आपल्या ‘वेद’वरून निघाला, असं मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुरात त्यांनी वाचलं. ते खरं का?

पहिल्याचं उत्तर एका दमात देतो. इथला विट नाम नाही, क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ ‘जाणणे’. ‘टु विट’ म्हणजे ‘जाणावयाचे ते असे’. भाषांतरात ‘म्हणजे’ किंवा ‘येणेप्रमाणे’ लिहा आणि पुढे चला. काम उद्या द्यायचं असेल तर इथं थांबलात तरी चालेल. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही, पण...’ असं आहे. त्या ‘पण’वर मी पंचवीसेक वर्षं एम.ए.च्या वर्गात तास घेतले आहेत, तेव्हा ते आटोपशीर होईल अशी आशा धरू नका.

आधी हे क्रियापद होतं कसं ते पाहू. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचं मूळ रूप ‘वितन’ असं होतं. (त्या काळचा ‘ट’ मी इथं ‘त’ने लिहितो आहे. तुलना करताना डोळ्यांना सोपं जातं.) ‘इच वात’ म्हणजे मी जाणतो. ‘थू वास्त’ म्हणजे तू जाणतोस. ‘हे वात’ म्हणजे तो जाणतो. अनेकवचनात सगळ्यांना एकच रूप, ‘वितोन’. भूतकाळी ‘विस्ते’. हा वात संधिवातातला नव्हे, हे वर्गात दरवर्षी सांगावं लागायचं आणि दरवर्षी कुणीतरी हसायचंच. पुढे ‘वात’चा ‘वॉट’ झाला, जसा दगडाच्या ‘स्तान’चा ‘स्टोन’ झाला आणि घराच्या ‘हाम’चा ‘होम’. ‘विस्ते’चा ‘विस्ट’ झाला. १६११ सालच्या राजा जेम्सच्या बायबलात ही दोन्ही रूपं आहेत. मोशे डोंगरावरून लवकर परतत नाही तेव्हा लोक म्हणतात, त्याचं काय झालं ‘वी वॉट नॉट’, आम्हांस ठाऊक नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा आईबापांना विचारतो, ‘विस्ट यी नॉट’, तुम्हांला ठाऊक नव्हतं का? विजेच्या दिव्यावरचा वॉट निराळा, तो जेम्स वॉटच्या आडनावाचा. आणि इंग्रज माणूस गमतीनं ‘व्हॉट’ऐवजी ‘वॉट’ लिहितो, त्याचाही इथं संबंध नाही.

वरच्या रूपांत एक गोष्ट खटकायला हवी. ‘मी’लाही वात आणि ‘तो’लाही वातच. इंग्रजीत तृतीयपुरुषी एकवचनाला ‘स’ लागतो, हे आपण शाळेपासून घोकतो. इथं तो कुठं गेला? हाच प्रश्न मराठी शाळेतली हुशार पोरं दुसऱ्या शब्दांत विचारतात: ‘ही गोज’ चालतं, मग ‘ही कॅन्स’ का नाही? बहुतेक शिक्षक ‘तो अपवाद आहे’ म्हणून सुटका करून घेतात. मीही सुरुवातीला घेतली होती. पण कॅन, मे, शॅल, मस्ट आणि हा म्हातारा वॉट ही सगळी एका गोत्राची क्रियापदं आहेत. त्यांचं वर्तमानकाळी दिसणारं रूप मुळात भूतकाळाचं आहे. भूतकाळी रूपाला तो ‘स’ कधीच लागत नव्हता, म्हणून यांनाही लागला नाही.

भूतकाळाचं रूप आणि वर्तमानाचा अर्थ, हे मराठी माणसाला समजावून सांगायची खरं तर गरजच नाही. ‘मला भूक लागली’ असं आपण म्हणतो. लागली कधी? मघाशी. पण सांगायचं असतं ते आत्ताचं. ‘कळलं!’ म्हणतो तेव्हा कळण्याची क्रिया संपलेली असते आणि कळलेलं असणं चालू असतं. ‘पटलं’, ‘समजलं’ हेही तसंच. अगदी तशाच रीतीनं, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ‘मी पाहिलं’ असं म्हणायचा आणि त्याचा अर्थ ‘म्हणून मला ठाऊक आहे’ असा व्हायचा. ‘वात’चा मूळ धातू पाहण्याचा आहे. लॅटिनमध्ये तो पाहण्याचाच राहिला. आपल्या बोलण्यातले व्हिडिओ आणि व्हिसा त्या लॅटिन शाखेचे. इंग्रजी, संस्कृत आणि ग्रीक या तिघींकडे मात्र ‘पाहून झालं’ या रूपाचा ‘ठाऊक आहे’ असा अर्थ स्थिरावला.

आता संस्कृताकडे या. ‘वेद’ हे नाम सर्वांना माहीत आहे. ‘वेद’ हे क्रियापदही आहे, हे संस्कृत शिकलेल्यांनाही पुष्कळदा आठवत नाही. ‘वेद’ म्हणजे ‘मी जाणतो’ आणि ‘वेद’ म्हणजेच ‘तो जाणतो’. ‘वात’सारखंच, दोन्ही पुरुषी एक रूप. ‘तू जाणतोस’ला ‘वेत्थ’. ‘आम्ही जाणतो’ला ‘विद्म’. हे प्रत्यय लिट् लकाराचे, म्हणजे परोक्ष भूतकाळाचे आहेत. लिट् म्हटलं की धातूचं पहिलं अक्षर दुणावतं: जगाम, चकार, ददर्श. ‘वेद’मध्ये ते दुणावत नाही. ग्रीकात याच धातूचं ‘ओइदा’ आहे, अर्थ ‘मी जाणतो’. ग्रीक पूर्णभूतकाळातही अक्षर दुणावतं आणि ‘ओइदा’मध्ये तेही दुणावत नाही. चौथ्या शतकातल्या बायबल-भाषांतरामुळे टिकलेल्या गॉथिक भाषेत ‘वैत’ आहे, अर्थ ‘मी जाणतो’. एका शब्दाचं दुसऱ्याशी साम्य योगायोगानंही असू शकतं. पण तोच धातू, तोच भूतकाळी सांगाडा, तोच वर्तमानी अर्थ, आणि नियमातली तीच एक खोड चार भाषांत एकाच जागी सापडावी, याला योगायोग म्हणता येत नाही. सख्ख्या भावंडांच्या पाठीवर त्याच जागी तोच तीळ दिसावा तसं हे आहे.

पाणिनीला ग्रीक किंवा गॉथिक ऐकायचं कारण नव्हतं, पण हा तीळ त्याच्या नजरेतून सुटला नाही. ‘विदो लटो वा’ असं त्याचं सूत्र आहे (३.४.८३). अर्थ असा की विद् धातूच्या वर्तमानकाळी प्रत्ययांच्या जागी विकल्पानं लिट्चे प्रत्यय येतात. म्हणून ‘वेत्ति’ही बरोबर आणि ‘वेद’ही बरोबर. तीन शब्दांत त्यानं जी नोंद केली, तिचं ऐतिहासिक कारण कळायला पुढची दोन हजारांहून जास्त वर्षं जावी लागली. गंमत म्हणजे लगेचच्या सूत्रात तो ‘आह’ या रूपाचा बंदोबस्त करतो. तेही लिट्च्या वेषातलं वर्तमानकाळी रूप, अर्थ ‘म्हणतो’. इंग्रजीत त्याच्या तोडीचं भंगलेलं क्रियापद ‘क्वोथ’ आहे, अर्थ ‘म्हणाला’. तेही भूतकाळी रूपापुरतंच उरलं. धातू निराळे, नशीब सारखं. असो, त्या वाटेला आत्ता जात नाही.

‘वेद’ हे क्रियापद कानावर पडलेलं नाही असं वाटत असेल तर नासदीय सूक्त आठवा. दूरदर्शनवर १९८८ साली ‘भारत एक खोज’ सुरू व्हायचं ते याच सूक्तानं. त्याचा शेवट असा आहे: ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’. तोच ते जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नाही. इथं दोन्ही ‘वेद’ क्रियापदं आहेत. हेच जुन्या इंग्रजीत म्हणायचं झालं तर ‘हे वात’ आणि ‘हे नात’. ‘नात’ म्हणजे ‘ने’ अधिक ‘वात’, जाणत नाही. या ‘नात’कडे पुन्हा येतो.

सिंगल-प्लुरलचा एक बारकावा राहिला. एकवचनी ‘वेद’, पण अनेकवचनी ‘विद्म’. एकवचनी ‘वात’, पण अनेकवचनी ‘वितोन’. शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी ‘इ-चा गुण ए’ हे पाठ केलेलं असतं. तोच गुण इथं काम करतो आहे. मूळच्या ‘वोइद’ आणि ‘विद’ या जोडीपैकी पहिल्याचं संस्कृतात ‘वेद’ झालं, ग्रीकात ‘ओइदा’, इंग्रजीत ‘वात’ आणि मग ‘वॉट’. दुसऱ्याचं संस्कृतात ‘विद्’ राहिलं आणि इंग्रजीत ‘विट’. म्हणजे ‘वॉट’ आणि ‘विट’ यांच्यातलं नातं ‘वेद’ आणि ‘विद्या’ यांच्यातल्या नात्यासारखं आहे. गुणसंधीचे गुण मिळवून विसरून गेलेल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आता मोबाइलवरचा मजकूर. ‘वेद’वरून ‘विट’ निघाला का? नाही. दोघं भावंडं आहेत. एक दुसऱ्याचा बाप नव्हे. विल्यम जोन्स या कलकत्त्यातल्या इंग्रज न्यायाधीशानं २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत केलेल्या भाषणात हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान उगमापासून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम आता कदाचित अस्तित्वात नसावा. गॉथिकलाही त्यानं त्याच कुळात धरलं होतं. भावंडं कशावरून? ध्वनीवरून. १८२२ साली याकोब ग्रिम या जर्मन भाषाभ्यासकानं जे नियम नीट मांडून दाखवले, त्यांतला एक असा की मूळच्या ‘द’च्या जागी जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, गॉथिक या गोतावळ्यात, ‘त’ येतो. दोन आणि टू. दहा आणि टेन. दात आणि टूथ. पद आणि फूट (इथं ‘प’चा ‘फ’ही झाला). त्याच ओळीत विद् आणि विट. जर्मनीतल्या जर्मन भाषेनं पुढे आणखी एक पायरी चढून त्या ‘त’चा ‘स’ केला, म्हणून तिथं जाणणं म्हणजे ‘विस्सेन’.

उसना शब्द या गिरणीतून जात नाही. त्याचा पुरावाही इंग्रजीतच आहे. संस्कृतातून इंग्रजांनी खरोखर उचललेला ‘वेदा’ हा शब्द पाहा. त्यात ‘द’ शाबूत आहे. लॅटिनवरून घेतलेल्या व्हिडिओतही ‘ड’ आहे. घरचा ‘विट’ मात्र ‘ट’ घेऊन उभा आहे. इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. तेव्हा ‘आपल्याकडून गेला’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दहा आणि टेन फळ्यावर लिहितो.

ग्रीक शाखेतली एक भर घालतो, कारण ती मला फार आवडते. ग्रीकात ‘हिस्तोर’ म्हणजे जाणणारा, ज्याला ठाऊक आहे तो. धातू हाच, आणि बनावट आपल्या ‘वेत्ता’सारखी. त्यावरून चौकशी करून मिळवलेली माहिती या अर्थानं ‘हिस्टोरिया’, आणि त्यावरून हिस्टरी. गॉथिकात साक्षीदाराला ‘वीतवोथ्स’सारखा शब्द आहे. त्याचं संस्कृतातलं भावंड म्हणजे ‘विद्वान’. एकाच रूपाचा गॉथिक माणसानं साक्षीदार केला, आपण पंडित केला. ज्यानं पाहिलं तो आणि ज्याला कळलं तो.

इंग्रजीत हे क्रियापद भरात होतं तेव्हाचा एक नमुना दाखवतो. दहाव्या शतकात लिहून काढलेल्या एका हस्तलिखितात, जे आजही एक्झिटरच्या कॅथीड्रलमध्ये आहे, एका बेघर भटक्याची कविता आहे. धनी मेला, सोबती गेले, थंडगार समुद्रावर तो एकटा वल्ही मारतो आहे. ‘ज्यानं भोगलं तोच जाणतो’, दुःख सोबतीला आलं की ते किती निर्दय असतं, असं तो म्हणतो, आणि त्या वाक्याचा पहिलाच शब्द ‘वात’ आहे. पुढे तो सांगतो की वाट्याचे हिवाळे पाहिल्याशिवाय माणूस शहाणा होऊ शकत नाही. आपण म्हणतो, ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.’ त्यांच्याकडे वय हिवाळ्यांत मोजायचे, आपल्याकडे पावसाळ्यांत. जो ऋतू निभावून नेणं कठीण, त्याचा हिशेब माणूस ठेवतो. त्या ओळीतला ‘शहाणा’ म्हणजे ‘वीस’, आजचा ‘वाइज’, आणि लगेच पुढे येणारा ‘विता’ म्हणजे जाणता, हे दोघंही याच धातूचे. राजाच्या सल्लागारांना ‘विता’चं अनेकवचन ‘वितन’ म्हणत, आणि त्यांच्या सभेला ‘वितनयेमोत’, जाणत्यांचा मेळा. ‘जाणता राजा’ म्हणताना आपल्या मनात जो ‘जाणता’ असतो, तोच हा.

मग असं घसघशीत क्रियापद गेलं कुठं? जुन्या इंग्रजीत जाणण्याची वाटणी तिघांत होती. वस्तुस्थिती ठाऊक असणं म्हणजे ‘वितन’. ओळखणं म्हणजे ‘क्नावन’. एखादी गोष्ट येणं, करता येणं, म्हणजे ‘कुन्नन’. जर्मनमध्ये ही वाटणी बरीचशी अजून टिकून आहे. इंग्रजीत ‘क्नावन’चा ‘नो’ झाला आणि त्यानं हळूहळू ‘वॉट’ची जागाही बळकावली. ‘कुन्नन’चा ‘कॅन’ होऊन तो साहाय्यक क्रियापद म्हणून मांडलिक झाला. १६११च्या बायबलात ‘वॉट’ आहे, पण तो तेव्हाच पिकल्या पानासारखा होता. त्यानंतर तो कवींच्या आणि जुनी ढब आणणाऱ्यांच्या हाती राहिला.

इथं मराठी माणसानं जरा कान टवकारावेत. इंग्रजी ‘नो’ हा संस्कृत ‘ज्ञा’चा भाऊ आहे. त्याच्या स्पेलिंगच्या सुरुवातीला जो मुका ‘क’ बसलाय, तो ग्रिमच्याच नियमानं मूळच्या ‘ग’चा झालेला. ‘ज्ञा’चं ‘जानाति’, त्याचं प्राकृत ‘जाणइ’, त्याचं आपलं ‘जाणणे’. आणि ‘विद्’? मराठीत ‘वेत्ति’ किंवा ‘वेद’पासून आलेलं रोजच्या बोलण्यातलं ‘जाणणे’ अर्थाचं क्रियापद राहिलं नाही. म्हणजे कुळाच्या दोन टोकांना, एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या दोन भाषांनी त्याच जुन्या भावाला घराबाहेर काढलं आणि त्याच दुसऱ्या भावाला गादीवर बसवलं. बाहेर काढलेल्याचं सामान मात्र दोन्ही घरांत राहिलं. आपल्याकडे विद्या, विद्वान, निवेदन, संवेदना, विदित. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी घ्या: ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा’. चार चरणांत तो धातू दोनदा. पण ही सगळी संस्कृताच्या पेटीतून काढलेली ठेवणीतली वस्त्रं आहेत. घरात वापरायला आपण ‘जाणणे’ घेतलं, आणि आता तर तेही थोडं मागं पडून ‘माहीत असणे’, ‘ठाऊक असणे’, ‘कळणे’ पुढे आलं आहे.

मघाचा ‘नात’ आता पाहू. जुन्या इंग्रजीत नकाराचा ‘ने’ काही ठरावीक क्रियापदांना चिकटून जायचा. ‘ने वात’चा ‘नात’, ‘ने इस’चा ‘निस’, म्हणजे नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर या इंग्रज कवीनं आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या यात्रेकरूंपैकी व्यापाऱ्याचं सगळं वर्णन करून झाल्यावर म्हटलं आहे की खरं सांगायचं तर याला लोक काय नावानं हाक मारतात ते ‘आय नोट’, मला ठाऊक नाही. हा नोट म्हणजे तोच ‘नात’. आता मराठी पाहा. ‘न’ अधिक ‘असणे’चा ‘नसणे’. ‘न’ अधिक ‘जाणणे’चा संतांचा ‘नेणणे’, त्यावरून नेणता, नेणिवेतला. या दोन गोष्टींत वारसा नाही, प्रत्येकीनं आपापली केलेली सोय आहे. पण दोघींनी ती त्याच क्रियापदांपाशी केली. जी जिभेवर सतत असतात, तीच झिजून चिकटतात. आणि इंग्रजीतल्या ‘अनविटिंगली’ला आपल्याकडे ‘नकळत’ हा इतका चपखल शब्द आहे की कोशकारांनी दुसरा शोधू नये. ‘अजाणतेपणाने’ बरोबर आहे, पण त्याला कोर्टाचा वास येतो.

इंग्रजी घरात राहिलेल्या सामानाची मोजदाद करायची तर ‘विटनेस’पासून करावी. मुळात हे भाववाचक नाम, अर्थ ‘ज्ञान’. ‘गुडनेस’मधला ‘नेस’ तोच. ज्ञानावरून ‘ठाऊक असल्याचं सांगणं’, म्हणजे साक्ष, आणि साक्षीवरून साक्षीदार. ‘विझर्ड’ म्हणजे ‘वाइज’ला कुत्सित शेपूट जोडून केलेला अतिशहाणा. जादू त्याच्याकडे नंतर आली. ‘विच’ मात्र या घरची नाही. कितीही जवळची वाटली तरी तिचं मूळ वेगळं. रशियनमध्ये उलट आहे. तिथं चेटकिणीला ‘व्येद्मा’ म्हणतात, आणि ती खरोखर याच धातूची ‘जाणती’. आपल्याकडेही गावात देवऋषाला आणि मंत्रतंत्र करणाऱ्याला ‘जाणता’ म्हणतात, ते उगीच नाही.

‘ट्विट’ ऐकून हसू नका. चिमणीच्या चिवचिवाटाचा ट्विट आवाजावरून आलेला आहे, पण कुणाला टोचून बोलणं या अर्थाचा जुना ‘ट्विट’ आहे, तो या कुळातला. पाहणं, मग दोष पाहणं, मग दोष देणं असा अर्थ फिरत जाऊन ‘एत्वीतन’ झालं. पुढचा स्वर गळाला, आणि उपसर्गाचा उरलेला ‘ट’ मुख्य शब्दाला डकला. ‘मी ट्विट केलं’ म्हणणाऱ्या पुष्कळांच्या हातून नकळत दोन्ही अर्थ एकदम साधतात.

एक भूतही या घरात राहतं. जुन्या कवितांत ‘आय विस’ असं सापडतं आणि वाचणारा ‘मी जाणतो’ असा अर्थ लावतो. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर ठणठणीत अक्षरांत तसंच लिहिलं होतं. मागच्या बाकावर तास पाहायला बसलेले एक वयस्क सर तास संपल्यावर नुसतं म्हणाले, ‘जर्मन गेविस आठवा.’ गेविस म्हणजे नक्की, निश्चित. इंग्रजीतही तसाच ‘इविस’ हा एकच शब्द होता, क्रियाविशेषण, अर्थ ‘खचित’. लिहिणाऱ्यांनी तो तोडून ‘इ’ वेगळा केला, तो ‘मी’ झाला, आणि उरलेला ‘विस’ क्रियापद म्हणून मिरवू लागला. ‘विस’ या नावाचं क्रियापद त्याआधी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी फळा पुसला, म्हणजे तो आधीच पुसलेला होता, मी आपलं समाधान करून घेतलं.

आता नाम ‘विट’. जुना अर्थ मन, बुद्धी, भान. ‘विट्स एंडला येणं’ म्हणजे बुद्धी खुंटणं, विनोद संपणं नव्हे. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये पोलोनियस म्हणतो की थोडक्यात सांगणं हा ‘विट’चा आत्मा. तिथंही अर्थ शहाणपणाच्या जवळचा आहे. आणि हे वाक्य तो बोलघेवडा म्हातारा म्हणतो, यातच खरी गंमत. बुद्धीवरून तल्लख बुद्धी, तीवरून तल्लख बोलणं, आणि तिथून आजचा हजरजबाबीपणा, अशा पायऱ्या आहेत. अंतःकरणाला एकेकाळी ‘इनविट’ म्हणत, आतलं जाणणं. १३४० साली केंटमधल्या एका संन्याशानं पश्चात्तापाच्या लॅटिन शब्दाचे तुकडे करून इंग्रजी प्रतिशब्द घडवला: पुन्हा चावणं, अर्थात इनविटचं. शब्द टिकला नाही. आपल्याकडे प्रतिशब्द घडवणाऱ्यांना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की हा उद्योग इंग्रजांनीही केला आहे, आणि त्यांचेही बहुतेक पडले.

आता परत तुमच्या विश्वस्तपत्राकडे. नॉर्मन राजवटीनंतर इंग्लंडात कोर्टाचा कारभार लॅटिन आणि फ्रेंचमध्ये चालत होता. त्या फ्रेंचमध्ये तपशील देण्याआधी ‘हे जाणावयाचे’ अशा अर्थाचे शब्द घालत. त्याचं इंग्रजी करताना ‘दॅट इज टु विट’ झालं, आणि घासून ‘टु विट’ उरलं. ‘विझ’ असं संक्षिप्त रूपही तुम्हांला अशा कागदांत भेटेल. ते लॅटिन ‘विदेलिकेत’चं, म्हणजे ‘पाहता येईल की’. त्यातला शेवटचा ‘झेड’ हे अक्षर नव्हेच. हस्तलिखितांत शब्दाचा शेवट तोडल्याची ती खूण, दिसायला ‘झेड’सारखी. तेव्हा एकाच कागदात वर ‘टु विट’ आणि खाली ‘विझ’ आलं, तर एक भाऊ इंग्रजी घरातून आला आहे आणि दुसरा लॅटिन. काम दोघांचं एकच.

भाषांतरात व्युत्पत्ती दाखवायला जाऊ नका. ‘जाणावयाचे असे की’ हे अर्थानं बिनचूक आहे, पण मिळकतीच्या यादीपुढे विचित्र दिसतं. आपल्या पत्रांत ‘कळावे’ आहे, जुन्या अर्जांत ‘विज्ञापना ऐसीजे’ आहे, आणि दोन्हींत ‘टु विट’चाच जीव आहे. पण ‘कळावे’ शेवटी येतं आणि ‘विज्ञापना’ धाकट्यानं थोरल्याला करायची असते. मिळकतीला दोन्ही लागू नाहीत. दस्तांच्या मराठीत यासाठी मळलेली वाट आहे: ‘सदर विश्वस्तनिधीची मिळकत एकूण तीन, तपशील येणेप्रमाणे’. दस्तातली बाकीची भाषा जुन्या वळणाची ठेवली असेल तर ‘बितपशील’ही शोभेल. ‘विझ’ आलं तर तिथं नुसतं ‘म्हणजे’ पुरतं. फक्त तुमच्या मसुद्याच्या चौथ्या ओळीत ‘चातुर्याने’ असं जे लिहून ठेवलं आहे ना, ते आजच खोडा. तीन सर्व्हे नंबर चातुर्यानं विश्वस्तांकडे गेले असं वाचलं, तर समोरचा वकील त्याचा वेगळाच अर्थ काढेल.